रिजेक्शन स्लिप कुठे आहे?

भिलाईत तपासल्याशिवाय काहीही पुढे जात नाही. 1955 मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून इथलं पोलाद कुणी ना कुणी ठोकून, कापून, घासून, भिंगाखाली धरून बघत आलं आहे. देशाच्या रेल्वेचे रूळ इथून जातात. आता तर सलग 130 मीटरचा रूळ निघतो आणि असे दोन जोडून 260 मीटरचा पट्टा रवाना होतो. पोलाद वितळलेलं असतानाच त्यातला हायड्रोजन मोजतात, दहा लाखांत 1.6 भागांच्या वर गेला की सगळ्यांचे चेहरे उतरतात. पुढे रूळ तयार झाला की त्याच्या पोटात अल्ट्रासॉनिक लहरी सोडून कुठे तडा आहे का ते बघतात. सरळपणा बघतात. मग रेल्वेच्या वतीनं राइट्स या सरकारी कंपनीची माणसं येऊन पुन्हा बघतात. एवढं सगळं झाल्यावर आपण त्या रुळावरून गोंदियाला जातो आणि म्हणतो, "गाडी काय हादरून राहिली हो!"

आमच्या भाऊजींची उभी नोकरी या तपासणीत गेली. निवृत्त होऊन हुडको कॉलनीत घर केलं, पण नजर प्लांटमध्येच राहिली. दुधी विकत घेताना ते आधी टकटक वाजवतात आणि कान लावतात. पुरणपोळी उजेडाकडे धरून बघतात. एकदा ताईनं विचारलं, "काय बघून राहिले?"

"जाडी सारखी आहे का ते."

"मग?"

"कडेला थोडी कमी आहे. वापरायला हरकत नाही."

'वापरायला हरकत नाही' ही भाऊजींच्या तोंडून मिळणारी सर्वोच्च पदवी. माझ्या माहितीत ती फार थोड्यांना मिळाली आहे आणि त्यात मी नाही.

तर अशा घरात भाचा वाढला, दुर्गला कॉम्प्युटर इंजिनियरिंगला गेला आणि ओपन सोर्सच्या नादाला लागला. आयआयटी भिलाई 2016 मध्ये सुरू झाली. तिथल्या पोरांचा ओपनलेक नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा गट आहे आणि भाच्याचे दोन मित्र तिथे शिकतात. त्यांनी त्याला समजावलं, त्यानं मला समजावलं. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर उघडा ठेवलेला असतो. कुणालाही चूक दिसली तर ती दुरुस्त करून पाठवता येते. त्या पाठवण्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात, पोरं नुसतं पीआर म्हणतात. प्रकल्प सांभाळणारी माणसं ती दुरुस्ती तपासतात आणि आवडली तर घेतात. भाऊजींच्या डोक्यात पीआर म्हणजे प्लांटचं जनसंपर्क खातं. "पोरगा पीआर टाकून राहिला" हे ऐकून ते खूशच झाले. म्हणाले, चांगलं आहे, चार अधिकाऱ्यांशी ओळख होईल.

भाच्याची दुरुस्ती छोटी होती, पण अस्सल मराठी होती. ई-पुस्तकं वाचायचा एक परदेशी प्रोग्रॅम तो वापरतो. एका मराठी पुस्तकात त्यानं 'आचाऱ्याला' हा शब्द शोधला, तर प्रोग्रॅमनं त्याला सगळे 'आचार्याला' काढून दिले. स्वयंपाकी मागितला, गुरुजी हजर. शोध घेतल्यावर कळलं की हिंदीच्या सोयीसाठी कुणीतरी पूर्वी नियम करून ठेवला होता: अक्षराखालचा नुक्ता काढून टाका, म्हणजे 'ज़रा' लिहिलं काय आणि 'जरा' लिहिलं काय, दोन्ही सापडेल. नियम चांगला. पण युनिकोडच्या हिशेबात आपला दुसऱ्या-तिसऱ्यातला 'ऱ' म्हणजे र अधिक नुक्ता. हिंदीचा नुक्ता पुसता पुसता मराठीचा आचारी पुसला गेला. भिलाईत हिंदी आणि मराठी एका भिंतीला पाठ लावून राहतात, त्यामुळे असले अपघात आम्हाला नवीन नाहीत. भाच्यानं एक अट घातली की भाषा मराठी असेल तर 'ऱ'ला हात लावू नये. सात ओळी. सोबत इंग्रजीत सविस्तर खुलासा, आचारी कोण आणि आचार्य कोण यासह. पाठवलं.

आणि मग काही झालं नाही.

हे 'काही न होणं' मी जवळून पाहिलं. पहिल्या आठवड्यात भाचा जेवतानाही मोबाइल उलटा ठेवत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात त्याला शंका आली की आपलं इंग्रजी उद्धट झालं असेल. त्यानं मला दाखवलं. मला ते उलट फारच नम्र वाटलं, त्यात तीन वेळा 'काइंडली' होतं. महिनाभरानं त्यानं आपल्या सात ओळींत आपणच एक चूक शोधली, ती चूक नव्हती असं नंतर कळलं, पण तोवर त्यानं ती दुरुस्त केली होती. भाऊजी रोज संध्याकाळी चहाच्या वेळी विचारायचे.

"पास झाला का तुझा माल?"

"नाही, बाबा."

"रिजेक्ट झाला?"

"नाही."

"मग?"

"बघून राहिले असतील."

"रिजेक्शन स्लिप नाही, पास नाही, अन् माल कुठे आहे?"

"तिथेच आहे. ओपन आहे."

'ओपन आहे' या शब्दांनी भाऊजींना जो त्रास झाला तो रक्तदाबाच्या गोळीनं उतरला नाही. त्यांच्या जगात तपासणीच्या टेबलावर आलेला रूळ तिथे मुक्कामाला राहत नाही, कारण मागून दुसरा येतच असतो. मेन लाइनला चालेल, नाहीतर कमी दर्जाच्या कामाला जाईल, नाहीतर तुकडे होऊन परत भट्टीत. तिन्हीपैकी काय ते त्याच पाळीत ठरतं, आणि दोष जिथे सापडला तिथे खूण करतात. "आपण खूण न करता सोडला तर वरचा साहेब आपल्यावरच खूण करते," असं भाऊजी सांगतात.

मग एक दिवस उत्तर आलं. भाच्यानं आनंदानं आरोळी ठोकली. उत्तर यंत्राचं निघालं. अनेक प्रकल्पांनी एक स्वयंचलित चौकीदार बसवला आहे, त्याचं काम इतकंच की ज्या विनंतीकडे कुणी बघितलं नाही तिला 'शिळी' असं लेबल लावायचं आणि आणखी काही दिवसांनी ती बंद करायची. त्यानं लिहिलं होतं की या विनंतीवर 60 दिवसांत हालचाल नाही, सबब शिळी समजण्यात येत आहे.

"हालचाल कोणी करायची होती?" भाऊजींनी विचारलं.

"त्यांनी."

"मग शिळे ते झाले. तुझ्या मालावर काहून लिहिलं?"

या प्रश्नाचं उत्तर जगात कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. आपण न वाचलेल्या पत्राबद्दल पत्र लिहिणाऱ्याला नोटीस काढायची, हे धैर्य आमच्या कुठल्याही सरकारी कचेरीला अजून झालेलं नाही. तिथे निदान फाइल सापडत नाही असं माणूस येऊन सांगतो.

ताई यात फारशी पडत नाही, पण त्या संध्याकाळी ती बोलली. तिला पंडवानीचं, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या इथल्या कलेचं, वेड आहे. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई गनियारीच्या, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावरच्या, आणि त्यांनी नोकरीही प्लांटमध्येच केली. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा टाउनशिपमध्ये घरचंच कार्य असल्यासारखं वातावरण होतं. पंडवानीत मुख्य गायिकेच्या बाजूला एक रागी असतो. ती भीमाचं सांगत असते आणि तो मधेमधे हुंकारू देत असतो, एखादा प्रश्न टाकत असतो. "तो रागी गप्प बसला ना," ताई म्हणाली, "तर भीम गदा वर करून तसाच उभा राहील." भाच्याची गदा तेव्हा तिसरा महिना वर होती.

या व्यवहारात उत्तर किती दिवसांत द्यावं याचे लिखित नियम आहेत, हे मला भाच्याकडून कळलं. गूगलनं कोड तपासणीबद्दलची आपली मार्गदर्शिका सगळ्यांसाठी खुली केली आहे. त्यात म्हटलं आहे की तपासणीला आलेल्या बदलाला जास्तीत जास्त कामाच्या एका दिवसात काहीतरी उत्तर मिळालं पाहिजे. अर्थात ते पगारी लोक. लिनक्सचा गाभा सांभाळणाऱ्यांच्या कागदपत्रांत नवख्याला सांगितलं आहे की प्रतिक्रिया साधारण दोन-तीन आठवड्यांत यावी, आणि आठवण करून देण्याआधी निदान आठवडाभर दम धरा. हेही ठीक. माणसाला थांबायला हरकत नसते, किती थांबायचं ते कळलं पाहिजे. दुर्ग स्टेशनवर गाडी चार तास लेट आहे असं सांगितलं की लोक पथाऱ्या पसरून झोपतात. काही न सांगता वीस मिनिटं गेली की स्टेशन मास्तरला घेराव पडतो.

असो. चौकीदाराच्या नोटिशीखाली भाच्यानं पुन्हा एक 'काइंडली' लिहिलं, आणि खरोखरच माणूस आला. त्यानं सात ओळींवर ओळींपेक्षा जास्त शेरे मारले. एका ठिकाणी चार मोकळ्या जागांऐवजी टॅब हवा. एका नावात अक्षरं फार. एका टिप्पणीच्या शेवटी पूर्णविराम नाही. भाच्यानं रात्रभर बसून सगळं बदललं. दुसऱ्या दिवशी दुसरा तपासनीस आला आणि त्यानं टॅबच्या जागी चार मोकळ्या जागा मागितल्या. आचारी आणि आचार्य यांच्याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही.

यालाही इतिहास आहे. पार्किन्सन या इंग्रज लेखकानं 1957 च्या आपल्या पुस्तकात एक समिती रंगवली आहे. अणुभट्टीचा प्रचंड खर्च ती अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही. कारकुनांच्या सायकल शेडवर मात्र पाऊण तास भांडते, कारण शेड सगळ्यांना कळते. 1999 मध्ये फ्रीबीएसडी प्रकल्पातल्या पॉल-हेनिंग काम्प यांनी आपल्या सहकाऱ्यांना हीच गोष्ट सुनावली आणि तेव्हापासून क्षुल्लक गोष्टीवरच्या वादाला प्रोग्रॅमर लोक सायकल शेडचंच नाव देतात. मी ही गोष्ट मोठ्या हौसेनं भाऊजींना सांगितली. त्यांना हसू आलं नाही. एके काळी हजारो माणसं सायकलवरून प्लांटला जायची. सायकल शेड क्षुल्लक? बी पाळी सुटताना शेडमध्ये दिवा नसेल तर काय होतं ते त्या पार्किन्सनला विचारा म्हणाले. एकदा दिव्यासाठी अर्ज केला होता. त्याला मंजुरी यायच्या आत एक आख्खी नवी मिल उभी राहिली. म्हणजे पार्किन्सनचं म्हणणं खरंच ठरलं, पण हे भाऊजींना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शेऱ्यांच्या बाबतीत मात्र ते स्पष्ट होते. भाच्यानं छापून दिलेले सगळ्यांचे मिळून अकरा शेरे त्यांनी लाल पेन घेऊन वाचले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: यानं रूळ तुटेल का? अकरापैकी दहांपुढे 'नाही' आलं. "मग हे दोष नाहीत, ही आवड आहे," ते म्हणाले. "आवड सांगायला बंदी नाही. पण आवड आहे असं लिहून द्यावं." गंमत अशी की गूगलच्या मार्गदर्शिकेतही हेच आहे. किरकोळ शेरा असेल तर त्याच्या आधी 'निट' असा शब्द घालावा, म्हणजे समोरच्याला कळतं की हे केलं नाही तरी चालेल. आणि तिथला मुख्य नियम असा की बदलानं एकूण कोड सुधारत असेल तर तो निर्दोष नसला तरी पुढे जाऊ द्यावा. थोडक्यात, कडेला थोडी कमी आहे, वापरायला हरकत नाही. भाऊजींनी ही मार्गदर्शिका कधी वाचली नाही. गूगलनं भाऊजींना कधी पुरणपोळी खाताना पाहिलं असेल तर ठाऊक नाही.

अकरावा शेरा तिसऱ्या माणसाचा होता. त्यानं लिहिलं होतं की असल्या भाषावार अटी आम्हाला मूळ प्रोग्रॅममध्ये घ्यायच्याच नाहीत, हे सगळं वेगळ्या प्लगिनमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या तुकड्यात, जायला हवं. हे ऐकून मात्र मीच चिडलो. अहो, घर विकायचंच नाही तर भिंतीला हवा तो रंग गिऱ्हाइकाकडून चार महिने का लावून घेतलंत? नकार देण्याचा हक्क तपासणाऱ्याला आहेच. प्रकल्प त्याचा, रात्री दोनला उठून निस्तरायचं त्याला. पण तो नकार टॅबच्या आधी यायला हवा. माझ्या मते तपासणाऱ्याचं नवख्याकडे सगळ्यात मोठं देणं हेच, की 'नाही' म्हणायचं असेल तर लवकर म्हणा. होकाराचं ओझं कुणावर नाही.

भाच्याचं मत माझ्याहून कडक आहे. लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स पूर्वी लोकांना जाहीर ईमेलमधून सोलून काढायचे. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली आणि काही दिवस कामातून बाजूला झाले. भाचा म्हणतो, शिव्या परवडल्या, निदान वाचून तरी दिलेल्या असतात. मला हे पटत नाही. प्लांटमध्ये फोरमन ओरडतो कारण शेजारी रोलिंग चालू असतं आणि ऐकू येत नाही. ईमेलमध्ये कसला आवाज आहे?

आता दुसरी बाजू, कारण ती लिहिली नाही तर आयआयटीतले ते दोन मित्र मला सिव्हिक सेंटरमध्ये गाठतील. तपासणारा बहुतेक वेळा फुकट काम करतो. दिवसा नोकरी, रात्री पोरं झोपल्यावर लोकांचा कोड. आणि त्याच्या दारात कोण येतं? 2020 च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात चार पीआर पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी टी-शर्टसाठी जगभरच्या प्रकल्पांत 'सुंदर', 'अद्भुत' असले शब्द घुसडायला सुरुवात केली, आणि पहिल्या काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढ्यांचंच मोजायचं असं ठरवावं लागलं. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रसिद्ध प्रकल्पावर असाच लोंढा आला. हिंदीतल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत पीआर कसा टाकायचा हे त्या प्रकल्पाच्या माहितीच्या पानावर करून दाखवलं होतं, आणि पोरांनी इमानेइतबारे त्याच पानावर आपापली नावं घालून पाठवली. भिलाई कोचिंगचं गाव आहे. इथे एकाच्या बायोडेटात एक नवी ओळ वाढली की संध्याकाळपर्यंत सेक्टर एक ते दहामध्ये तीच ओळ होते. त्या लोंढ्यात आमचं कुणी नव्हतं अशी शपथ मी घेणार नाही.

आणि घाई करणारे सगळे भोळे नसतात. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं साधन लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. 2022 मध्ये जिगर कुमार वगैरे नावांनी काही जण त्याच्यामागे लागले: काम किती हळू, दुसऱ्या कुणाला द्या ना. थकलेल्या माणसानं एका मदतनिसाला अधिकार दिले. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला आपल्या यंत्रात लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो अशी शंका आली, आणि त्या मदतनिसानं ठेवलेला चोरदरवाजा उघडकीला आला. जिगर कुमार हा माणूस बहुधा नव्हताच. ही गोष्ट ऐकल्यावर भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी भाच्याला तीन 'काइंडली'पैकी दोन काढायला सांगितले.

भाच्यानं शांतपणे एक उत्तर लिहिलं. प्लगिन करायला तयार आहे, पण तोवर तुमच्या प्रोग्रॅमात मराठी वाचक स्वयंपाक्याला हाक मारेल आणि गुरुजी धावत येतील, एवढं लक्षात घ्या. पहिला माणूस परत आला. त्यानं चार अक्षरं लिहिली, एलजीटीएम, आणि दुरुस्ती आत घेतली. घरात पेढे आले. भाऊजींनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"एलजीटीएम म्हणजे?"

"लुक्स गुड टु मी. मला बरं दिसतं."

"दिसतं? अल्ट्रासॉनिक केलं का?"

"बाबा, घेतलं ना त्यांनी."

"काय काय तपासलं ते कुठे लिहिलं? रिजेक्टला कारण लागते, तसं पासला पण लागते."

भाच्याला यावर बोलता येईना, कारण त्याला हार्टब्लीड माहीत होतं. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या साधनात 2011 च्या 31 डिसेंबरच्या रात्री एक बदल घेतला गेला. तपासणाऱ्यानं तो तपासला होता. त्यातली हार्टब्लीड नावाची चूक 2014 च्या एप्रिलमध्ये जगाला कळली, तोवर अर्ध्या इंटरनेटची कुलुपं त्याच कारखान्याची होती. रुळावर कारखान्याचं नाव, महिना, वर्ष आणि हीट नंबर असतो. तुटला तर कुठल्या भट्टीचा ते काढता येतं. कोडमध्येही कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा आहे. तिचं नाव 'ब्लेम' आहे आणि ती लिहिणाऱ्याचं नाव दाखवते. बघणाऱ्याचं दाखवत नाही.

"लिनक्समध्ये दाखवतात," भाचा म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर एक पान उघडलं. तिथे तपासणारा 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून आपलं नाव लावतो, आणि नाव लावलं की त्याचा अर्थ काय होतो हेही लिहून ठेवलं आहे. मी हा बदल तांत्रिकदृष्ट्या तपासला आहे. मला आलेल्या शंका आणि अडचणी मी पाठवणाऱ्याला कळवल्या आहेत. सुधारणा अजून होऊ शकते, पण आत घ्यायला हा लायक आहे. भाचा एकेक कलम मराठीत सांगत होता आणि भाऊजींचा चेहरा उजळत होता.

"हे कोण्या इन्स्पेक्टरनं लिहिलं आहे," ते म्हणाले.

"अजून एक कलम आहे, बाबा. मी तपासलं असलं तरी हे चालेलच याची मी कुठलीही हमी देत नाही."

"मग तर नक्कीच इन्स्पेक्टरनं लिहिलं आहे," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी पेढा उजेडाकडे धरला.